वाटीतलं वजन : शेवया, गव्हले आणि मॅकरोनी
(सामुदायिक रेडिओवरील ‘घर-संसार’ या सदरात झालेलं भाषण)

कागद-पेन जवळ असेल तर घेऊन बसा. आज थोडे आकडे येणार आहेत. घाबरू नका, भागाकार आणि गुणाकार एवढंच गणित आहे, आणि ते आपण रोज बाजारात तोंडी करतोच.

विषय आहे वजन आणि माप. दुकानात मॅकरोनीचं पाकीट ५०० ग्रॅमचं मिळतं, आणि मोबाईलवर कृती सांगणारी बाई म्हणते, ‘दोन कप पास्ता घ्या.’ आपल्याकडे कप नसतो, वाटी असते. मग दोन कप म्हणजे किती ग्रॅम, आणि तेवढे ग्रॅम म्हणजे आपल्या किती वाट्या? उलटंही होतं. गटाकडे निरोप येतो, ‘लग्न आहे, दहा किलो गव्हले-नखुल्या पाहिजेत.’ घरात वजनकाटा नसतो, मग डब्याने मोजून दिलं जातं. या दोन्ही ठिकाणी चूक एकच होते. वाटी आणि किलो यांचं नातं सगळ्या पदार्थांना सारखंच आहे असं आपण धरून चालतो.

ते नातं सारखं नसतं. वजन म्हणजे जिन्नस किती आहे. माप म्हणजे त्याने जागा किती अडवली. एक किलो शेंगदाणे घ्या आणि त्यांचा उखळात कुटून चटणीचा कूट करा. वजन तेवढंच राहिलं, पण डबा आधीएवढा भरत नाही. शेंगाचटणी करणाऱ्या सोलापूरच्या बाईला हे वेगळं शिकवायला नको. विड्या वळणाऱ्या मैत्रिणींना तर हे आणखी नीट ठाऊक आहे. पान आणि तंबाखू वजनावर मिळतात, आणि विड्या द्यायच्या असतात हजाराने मोजून. एका मोजणीतून दुसऱ्या मोजणीत जाताना कुणाचं तरी कमी-जास्त होतं. ते बहुतेक वेळा आपलंच होतं, म्हणून हा हिशेब आपल्याला यायला हवा.

ही अडचण पास्त्याबरोबर आलेली नाही. आपल्या आज्या धान्य मापानेच मोजत होत्या. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, आणि चार शेर म्हणजे एक पायली. मोजताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं आणि मग ‘दोन, तीन’. नवरी घरात येते तीसुद्धा उंबरठ्यावरचं माप ओलांडून. पण गंमत अशी, की शेर मापाचाही होता आणि वजनाचाही होता. वजनाचा पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाचा शेर हे एक भांडं. त्यात ज्वारी भरली तर वजन एक, पोहे भरले तर दुसरंच. शिवाय पायली गावागणिक वेगळी. आपल्या देशात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि १९६२पर्यंत सगळीकडे सक्तीचे झाले. बाजार किलोवर गेला. आपलं स्वयंपाकघर मात्र अजून वाटीवरच आहे, आणि रोजच्या भाजी-भाताला ते पुरतंही.

जिथे पुरत नाही ती जागा म्हणजे वाळवणाचे पदार्थ. पास्ता हाही एका अर्थाने वाळवणच. तिकडे इटलीत तो ड्युरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्याचा करतात. आपल्याकडचा बन्सी गहू हा त्याच जातीचा. आपण बन्सीच्या किंवा खपलीच्या शेवया करतो. सोलापुरात त्यालाच शेजारची कानडी मावशी शाविगे म्हणते आणि तेलुगू अक्का सेमिया म्हणते. शेवयांशिवाय लग्नाच्या रुखवतासाठी आपण हाताने वळतो ते गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या. गव्हला तांदळाच्या दाण्यासारखा. नखुली नखाने दाबून खोलगट केलेली. फणुली फणीवर वळून रेघा उमटवलेली. इटलीतल्या बायकाही असेच आकार बोटांनी करत आल्या आहेत. म्हणजे पीठ एक, पण आकार नाना.

आणि वाटीचा घोळ नेमका या आकारामुळे होतो. गव्हले बारीक असतात, एकमेकांना चिकटून बसतात, मधे फट कमी राहते. नखुल्या पोकळ आणि वाकड्या, त्यांच्यामधे हवाच जास्त. मॅकरोनीच्या नळीत तर आतही हवा आणि बाहेरही हवा. कपभर मॅकरोनी घेतली तर त्या कपातला साधारण दोन तृतीयांश भाग हवेचा असतो. तांदळात तो निम्म्याहूनही कमी. म्हणून तोच कप तांदळाने भरला तर १९० ते २०० ग्रॅम भरतो आणि मॅकरोनीने भरला तर १०५ ते १२० ग्रॅमच.

आता याचा घरात काय फरक पडतो ते पाहू. समजा वाढदिवसाला तीस मुलं येणार आहेत. बरोबर केक आहे, चिवडा आहे, म्हणून मुलामागे ५० ग्रॅम कोरडी मॅकरोनी धरली. तीस गुणिले पन्नास, म्हणजे दीड किलो. कप तांदळाचाच अंदाज धरून २०० ग्रॅमचा मानला, तर आपण साडेसात कप टाकू. पण मॅकरोनीचा कप ११० ग्रॅमचा धरला तर साडेसात कपांत येतात फक्त ८२५ ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून थोडीच जास्त. शेवटच्या तेरा-चौदा मुलांच्या ताटल्या रिकाम्या राहणार. बरोबर हिशेब केला तर साडेतेरा कपांहून किंचित जास्त लागतात, किंवा सरळ ५०० ग्रॅमची तीन पाकिटं.

मोठ्या माणसाचं पोटभर जेवण असेल तर ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता धरावा. शिजल्यावर तो पाणी पितो आणि १०० ग्रॅमचा साधारण दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम होतो. म्हणून कृतीत ‘२०० ग्रॅम पास्ता’ लिहिलं असेल तर तो कोरडा की शिजलेला हे आधी बघायचं. बहुतेक कृतींत तो कोरडाच असतो.

आता मुख्य काम. दुसऱ्या कुणाचा तक्ता पाठ करण्यापेक्षा आपल्या घरच्या वाटीचा आपणच तक्ता करायचा. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, आपली वाटी ओळखायची. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि त्या वाटीने रिकामी करा. चार वाट्यांत संपली तर वाटी २५० मिलिलिटरची. पाच झाल्या तर २०० ची. सहा होऊन थोडंसं उरलं, तर १५० च्या थोडी पुढे. एकदा ठरलं की ती वाटी बाजूला ठेवा, तिच्यावर खूण करा आणि मोजायला कायम तीच वापरा. कृतीतला कप कोणता हेही माहीत असावं. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा आणि जपानचा २०० चा. चहाचा कप यातला कुठलाच नाही, तो आपला घरापुरता.

दुसरी पायरी, त्या वाटीत कुठला जिन्नस किती ग्रॅम मावतो ते काढायचं. काटा असेल तर सोपं आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, शून्याचं बटण दाबा, जिन्नस भरा आणि आकडा लिहा. काटा नसेल तरी अडत नाही. दुकानातल्या सीलबंद पाकिटावर वजन छापलेलंच असतं. ५०० ग्रॅम मॅकरोनीचं पाकीट फोडा आणि वाटीने मोजत डब्यात भरा. समजा १५० मिलिलिटरच्या वाटीने सव्वासात वाट्या झाल्या. ५०० भागिले सव्वासात, म्हणजे ६९ ग्रॅम. सत्तर धरा. झालं, तुमच्या वाटीभर मॅकरोनीचं वजन ७० ग्रॅम. रवा, साखर, पोहे, शेंगदाणे, जे पाकीट महिन्याच्या किराण्यात येईल ते डब्यात ओतताना एकदा मोजा. दोन महिन्यांत तुमचा तक्ता तयार होईल. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

मोजताना एक पथ्य पाळायचं. वाटी सपाट भरायची, दाबायची नाही, आपटायची नाही. शीग लावायची नाही. धान्य मोजताना आपण शिगेचं माप देतो, ते मनाच्या मोठेपणाचं. पण शीग प्रत्येक हाताची वेगळी, आणि तक्ता एकाच रीतीने भरलेल्या वाटीवर चालतो. पिठाला तर हे फारच लागू आहे. चाळलेलं पीठ हलकं बसतं, दाबून भरलेलं कितीतरी जास्त. एकाच जिन्नसाची वाटी तीनदा भरून बघा. आकडा थोडा हलेल, मधला धरा.

तिसरी पायरी, हिशेब. वजनावरून वाट्या काढायच्या तर लागणाऱ्या ग्रॅमना एका वाटीच्या ग्रॅमने भागा. कृतीत २०० ग्रॅम मॅकरोनी आहे आणि आपली वाटी ७० ग्रॅमची आहे, तर २०० भागिले ७०, म्हणजे जवळजवळ तीन वाट्या. कृतीत दोन कप लिहिलं असेल तर आधी ग्रॅम करा. दोन गुणिले ११०, म्हणजे २२० ग्रॅम. मग ७० ने भागा. तीन वाट्या आणि वर मूठभर. कपातून थेट वाटीत उडी मारू नका, मधे ग्रॅमवर थांबा. म्हणजे पुढच्या वेळी पास्त्याचा आकार बदलला तरी गडबड होत नाही.

हातशेवया आणि लांब स्पॅगेटी मात्र वाटीत मोजता येत नाहीत. शेवयांचा गुंता वाटीत किती बसेल हे तो किती चुरला आहे यावर आहे. अख्ख्या काड्या असतील तर वाटी नुसती दिसायला भरलेली दिसते. चुरून भरल्या तर त्याच वाटीत दुप्पटही मावतील. अशा वेळी आज्यांची निम्म्या-निम्म्याची रीत वापरा. ५०० ग्रॅमचं पाकीट कागदावर पसरून दोन सारख्या जुड्या करा, त्या झाल्या अडीचशेच्या. एका जुडीच्या पुन्हा दोन करा, त्या सव्वाशेच्या. शेराची मापटी आणि मापट्याची चिपटी जशी होत गेली तसंच. जुड्या सारख्या आहेत का हे बघायचं असेल तर कपड्यांचा हँगर मधोमध दोरीने टांगा, दोन्ही टोकांना दोन सारख्या पिशव्या अडकवा आणि एकेक जुडी ठेवा. हँगर आडवा राहिला तर वजन सारखं. ही घरची तागडीच झाली.

आता गटाचं काम करणाऱ्या, ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणींशी थोडं बोलते, कारण त्यांच्या दृष्टीने हा पैशांचा प्रश्न आहे.

समजा तुमच्या एका डब्यात एक किलो गव्हले मावतात. तुम्ही डब्याचा भाव ४०० रुपये ठरवला. त्याच डब्यात नखुल्या भरल्या आणि त्या भरल्या ६०० ग्रॅम. भाव तोच ठेवला तर नखुल्यांचा किलोचा भाव झाला ६६७ रुपये. घेणाऱ्या बाईने घरी जाऊन वजन केलं तर ती म्हणणार, मापात पाप आहे. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, पण नाव खराब झालं. उलट दहा किलोच्या ऑर्डरीला दहा डबे नखुल्या दिल्या तर सहाच किलो गेल्या. लग्नघरी त्या कमी पडल्या तर बोल तुम्हालाच लागणार.

यावरचा उपाय म्हणजे भाव किलोवर ठरवायचा आणि प्रत्येक आकाराचा वेगळा ठरवायचा. नखुलीला आणि फणुलीला वेळ जास्त लागतो, तर तिचा भाव जास्त असावा, आणि तो का जास्त आहे ते तुम्हाला सांगता यावं. त्यासाठी एक करा. एक तास गव्हले वळा, ते वाळले की वजन करा. एक तास नखुल्या वळा, त्यांचंही करा. तासाला किती ग्रॅम हे कळलं की किलोला किती तास लागतात हे कळतं. मग रव्याचे पैसे, तासांचे पैसे आणि पिशवीचे पैसे, अशी बेरीज मांडता येते. ‘एक डबा’ म्हणून विकलं की त्यात आपले तास किती गेले ते कुणाला दिसतच नाही, आपल्यालाही नाही. बोटं दिवसभर चाललेली असतात आणि भाव रव्याचा मिळतो.

वाळवण्याचाही वजनाशी संबंध आहे. भिजवताना आपण पाणी घालतो, ते उन्हात उडून जावं लागतं. एक किलो रव्याच्या शेवया पुऱ्या वाळल्या की वजन पुन्हा साधारण किलोच्या आसपास येतं, सांडलं-लवंडलं तेवढं कमी. एक किलो रव्याचं सव्वा किलो भरलं तर खुश होऊ नका, आत पाणी आहे. ते ग्राहकाकडे उडणार आणि वजन घटणार, नाहीतर पिशवीत बुरशी येणार. सोलापूरचं ऊन कडक आहे, ते या कामाला वरदानच आहे. तरी खात्री करायची. संध्याकाळी वजन करा, दुसऱ्या दिवशी ऊन दाखवून पुन्हा करा. आकडा हलला नाही तर वाळलं. हलला तर आणखी एक दिवस.

शेवटी कायद्याचं. वैधमापन शास्त्र अधिनियम २००९ सालचा आहे आणि तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. बंद पाकिटात असा कोरडा पदार्थ विकायचा तर त्यावर वजन ग्रॅममध्ये किंवा किलोमध्ये लिहावं लागतं. ‘एक डबा’, ‘एक पाकीट’ असं चालत नाही. हे वजन निव्वळ मालाचं असतं, पिशवीचं त्यात धरायचं नाही. शिवाय बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. विक्रीसाठी वापरायचा काटा पडताळणी करून शिक्का मारलेला असावा लागतो. स्वयंपाकघरातला छोटा काटा घरच्या तक्त्यासाठी ठीक आहे, विक्रीच्या मापासाठी नाही. गटात चार-पाच जणी मिळून एक शिक्क्याचा काटा घेतला तर खर्च वाटला जातो. काटा सपाट जागेवर ठेवा आणि अधूनमधून मिठाचं किंवा साखरेचं एक किलोचं सीलबंद पाकीट ठेवून बघा. पिशवीचे चार-पाच ग्रॅम जास्त दाखवेल, तेवढं चालतं. फार फरक दिसला तर काटा दुरुस्तीला द्या.

तर या आठवड्याचं काम एवढंच. एक वाटी ठरवा, ती पाण्याने मोजा आणि किराण्यातली निदान तीन पाकिटं त्या वाटीने मोजून आकडे लिहून ठेवा. गव्हले-नखुल्या करणाऱ्यांनी एका तासाच्या कामाचं वजन करा. पुढच्या बैठकीला सगळ्यांचे तक्ते एकत्र ठेवू. प्रत्येकीची वाटी वेगळी, म्हणून आकडे वेगळे येतील. ग्रॅम मात्र सगळ्यांचे सारखे, त्यामुळे आपला हिशेब एकमेकींना समजेल.

वाचक मैत्रिणींसाठी : भाषणात आकडे भराभर जातात, म्हणून काही इथे देत आहोत. सगळे २४० मिलिलिटरच्या, सपाट भरलेल्या कपाचे आणि अंदाजे आहेत.

तांदूळ : १९० ते २०० ग्रॅम
ज्वारी : सुमारे १९० ग्रॅम
साखर : सुमारे २०० ग्रॅम
रवा : १६५ ते १७५ ग्रॅम
गव्हाचं पीठ : १२० ते १३० ग्रॅम
शेंगदाणे : सुमारे १४५ ग्रॅम
तांदळाच्या आकाराचा पास्ता (ऑर्झो) : १७० ते २०० ग्रॅम
वाकडी मॅकरोनी : १०५ ते १२० ग्रॅम
तिरप्या नळीचा पास्ता (पेने) : ८५ ते १०० ग्रॅम
पिळाचा पास्ता (फुसिली) : ८० ते ९५ ग्रॅम

१५० मिलिलिटरच्या वाटीसाठी यातल्या आकड्याला आठने भागून पाचने गुणा. गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या यांच्यासाठी रिकामी जागा सोडा. त्या प्रत्येकीच्या हाताच्या वेगळ्या असतात, म्हणून तो आकडा आपला आपणच भरायचा.